पाटी बदलली, कित्ता तोच

दहावीचे मराठीचे पाठ्यपुस्तक २०१८ साली बदलले आणि त्याबरोबर उपयोजित लेखनाचा विभागही नवा झाला. पत्राच्या नमुन्यात ई-मेल पत्त्याची ओळ आली. तेव्हापासून मुले परीक्षेच्या दालनात, निळ्या शाईने, समास सोडून, कागदावर ई-मेलचा पत्ता लिहितात. ते पत्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून परीक्षकाकडे जाते. त्या पत्त्यावर कोणी काही पाठवत नाही आणि तिथून कोणाला काही येतही नाही. हसू यावे असाच हा प्रकार, पण तो आजचा नाही. लिहिण्याचे नवे साधन शाळेत आले की त्याचा बाहेरचा आकार आधी शिकवला जातो आणि ते कशासाठी जन्माला आले ते दाराबाहेर राहते, हे नगर जिल्ह्यात निदान दोनशे वर्षे घडत आले आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, बहुतेक विवेचन जुन्या काळाचे असल्यामुळे येथे नगर असेच म्हटले आहे.) याच्या नेमके उलटे जे घडले, त्याचाही पुरावा याच जिल्ह्यात सापडतो. संगणक आणि मोबाईलने मुलांचे लेखन सुधारते की बिघडते, हा वाद सध्या शिक्षकांत आणि पालकांत जोरात आहे. माझ्या मते तो चुकीच्या ठिकाणी चालला आहे. धूळपाटीपासून टॅबपर्यंत जी जी साधने वर्गात आली, त्यांपैकी ज्यांनी मुलाच्या लिखाणाला मास्तरांखेरीज दुसरा वाचक मिळवून दिला, तेवढ्यांनीच लिहायला शिकवले. बाकीच्यांनी फक्त उतरवायला शिकवले.

रचणे आणि उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची या जिल्ह्यातली सर्वांत थोर नोंद नेवाशाची. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरचे निरूपण नेवाशात केले आणि ते सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतले. ग्रंथाच्या अखेरीस तसे नमूद आहे. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. पुढे शतकानुशतके मराठी मुलखातल्या शाळांनी शिकवले ते यातले दुसरे काम, आणि त्यामागे कारणही होते. राज्य कोणाचेही असो, निजामशाहीचे, मोगलांचे की पेशव्यांचे, दफ्तर चालवायला कुलकर्णी, चिटणीस, कारकून लागत. झरझर मोडी लिहिता येणे, बोरू नीट तासता येणे, हिशेब मांडता येणे आणि कोणाला कोणता मायना लिहावा हे ठाऊक असणे, यांवर पोट चाले. मायने कसे लिहावेत हे सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या पोथ्याच होत्या. पत्राचा मजकूर धनी सांगणार, कारकुनाने तो ठरल्या साच्यात बसवायचा. अशा समाजात शाळेने मुलाला ‘तुला काय वाटते ते लिही’ असे सांगितले असते, तर पालकांनी त्याला दुसऱ्याच दिवशी शाळेतून काढून घेतले असते. तेव्हा जुन्या शाळेला आजच्या मापाने हिणवण्यात अर्थ नाही. जे काम तिने पत्करले, ते तिने चोख केले.

ती शाळा पंतोजीच्या घरी, देवळात किंवा एखाद्या ओवरीत भरे. मुलगा लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटेची पूड पसरी आणि काडीने अक्षर काढी. ओनामा, बाराखडी, पाढे, पावकी-निमकी अशा पायऱ्या चढत तो मोडीच्या कित्त्यापर्यंत पोचे. धूळपाटीचा मोठा गुण स्वस्ताई. कागद महाग, धूळ फुकट. तिच्यावर लिहिलेले हात फिरवताच नाहीसे होई, त्यामुळे ते लिखाण कोणी तरी वाचावे हा विचारच त्या व्यवस्थेत नव्हता. मजेची गोष्ट अशी की हे आपले गावठी साधन विलायतेपर्यंत जाऊन आले. मद्रासेस अनाथ मुलांची शाळा पाहणारे अँड्र्यू बेल यांनी मलबारी शाळेतली मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली, तीच रीत आपल्या शाळेत लावली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या नावांनी ती पद्धत गाजली. इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत मुले वाळूच्या तबकांवर लिहू लागली. १८१८ मध्ये पेशवाई बुडून कंपनीचा अंमल आल्यावर याच पद्धतीच्या कल्पना विलायती सुधारणा म्हणून मुंबई इलाख्यात परत आल्या. वरिष्ठ मुलाने कनिष्ठांना शिकवायचे, सगळ्यांनी एका सुरात एकच अक्षर काढायचे, हे पंतोजीला काय नवीन होते?

नगरमध्ये खरा फरक पडला तो १८३१ नंतर. अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्ज, हर्वे आणि रीड त्या वर्षाच्या डिसेंबरात नगरला आले आणि तिथे मिशनचे ठाणे बसले. पुढच्या काही वर्षांत शाळा निघाल्या. १८३९ मध्ये सिंथिया फरार मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मधली तेवीस वर्षे त्यांनी मुलींच्या शाळा चालवण्यात घालवली. जोतीराव फुले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर त्या शाळा पाहायला गेले होते आणि १८४८ मधल्या पुण्यातल्या मुलींच्या शाळेला ती भेट प्रेरक ठरली, हे फुल्यांच्या चरित्रांतून सर्वांना माहीत आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतल्याचेही त्यांत सांगितले जाते. या शाळांत दगडी पाटी होती, कागद होता, छापील पुस्तक होते. साधने नवी होती यात शंका नाही. तरीही केवळ साधनांकडे पाहिले तर मिशनची शाळा पंतोजीच्या शाळेपासून फार दूर गेली होती असे म्हणवत नाही. पंतोजीकडे पाढे घोकले जात, इथे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे घोकली जात. पंतोजीकडे कित्ता मोडीचा, इथे बालबोधाचा.

फरक पडला तो शाळेबाहेर. जून १८४२ मध्ये याच मिशनने नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. हेन्री बॅलेंटाइन त्याचे संपादक होते. मराठीतल्या आरंभीच्या नियतकालिकांपैकी हे एक. पुढे ते मुंबईला गेले, पण त्याची मुळे नगरच्या शाळांच्या जगात होती. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता, पण भूगोल, विज्ञान, बातम्या, वाचकांची पत्रे, वाद असे सगळे त्यात येई. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’सारखे टीकाकार समोर उभे होते, त्यामुळे जे छापायचे ते खोडले जाईल याची जाणीव ठेवूनच छापावे लागे. लिहिणाऱ्याला प्रथमच असा वाचक मिळाला, जो त्याचा धनी नव्हता, गुरू नव्हता आणि कदाचित मित्रही नव्हता. या बदलाचे फळ १८५५ मध्ये दिसले. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग जातीत जन्मलेली, चौदा वर्षांच्या आसपासची मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या धर्मग्रंथांना हात लावण्याची आपल्याला मुभा नाही ते आपले कसे, असा सवाल ती त्यात करते. तिच्या शाळेतली पाटी इतर शाळांतल्या पाटीसारखीच होती. वेगळे होते ते इतकेच की तिच्या वर्गापासून छापखान्यापर्यंत वाट होती आणि त्या वाटेवर तिला थांबवणारे कोणी उभे नव्हते.

येथे पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मिशनचा वाचक हा धर्मांतराच्या हेतूने मिळवून दिलेला वाचक होता. मुक्तेचा निबंध छापण्यात संपादकांचाही स्वार्थ होता, कारण हिंदू समाजरचनेवरची टीका त्यांना हवीच होती. हे मान्य केले तरी माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. हेतू काहीही असो, तो निबंध तिचा होता, आणि त्याला मास्तरांपलीकडचा वाचक मिळाला. शिवाय मिशनच्या शाळांत, तसल्याच पाट्यांवर शिकलेल्या कित्येक मुलांनी प्रश्नोत्तरे पाठ केली आणि त्यांच्या हातून लेखन झाले नाही, हेही तितकेच खरे. साधन तेच, फळ वेगवेगळे. ज्या थोड्यांच्या लिखाणाला शाळेबाहेरचा वाचक मिळाला, त्यांच्याच हातून काही लिहिले गेले.

सरकारी देखरेखीखालच्या शाळांची वाट नेमकी उलट गेली. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकात अनुदानित शाळांसाठी निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली, म्हणजे तपासनीस येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि जितकी मुले उतरतील तितके पैसे. एका दिवसात गावोगावची मुले तपासायची असतील तर मोजता येण्याजोगे असे काय असते? श्रुतलेखनातल्या चुका, अक्षराचे वळण, मोडीचे वाचन. मुलाने स्वतःच्या मनातले काय लिहिले हे मोजायला वेळही नाही आणि मापही नाही. त्यामुळे शाळांनी जे मोजले जाते तेच शिकवले. मेजर कँडींनी इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुजवली. मराठी व्याकरणाचे पितामह दादोबा पांडुरंग तर्खडकर याच काळात नगरला डेप्युटी कलेक्टर होते. नियमांची भाषा हळूहळू पक्की होत गेली. ही कामे मोठीच आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा विचार नाही. पण शाळेच्या हाती पडल्यावर स्वल्पविरामाचे काम वाचणाऱ्याला श्वास देण्याचे राहिले नाही, तो चुकला की गुण कापायचे निमित्त झाला. आजही निबंधावर लाल शाईच्या खुणा पाहाव्यात: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ओळ सोडली नाही. मजकुराबद्दल एखादा शब्द क्वचित.

या सगळ्याच्या विरुद्ध साक्ष देणारे उदाहरण नगरशीच जोडलेले आहे, ते लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या कोणत्याही शाळेत शिकल्या नाहीत. वाचायला-लिहायला घरी, पतीच्या मदतीने, अडखळत शिकल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नगर हे त्या कुटुंबाचे अनेक वर्षांचे ठिकाण झाले आणि १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन पाहू लागले. १९३४ पासून लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने पुस्तकरूपात आली आणि मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाची जागा अजून कोणी घेतलेली नाही. शुद्धलेखनाच्या परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या असत्या की नाही, याची शंकाच आहे. यावर कोणी म्हणेल, प्रतिभावंताचे उदाहरण देऊन वर्गातल्या साठ मुलांबद्दल काय सिद्ध होते? बरोबर आहे, प्रतिभा शाळेत वाटता येत नाही. पण लक्ष्मीबाईंच्या भोवती काय होते हे पाहिले पाहिजे. घरात रोज मजकूर लिहिला जात होता, वाचून दाखवला जात होता, त्यावर भांडणे होत होती, छापून येत होता. हे वातावरण तर शाळेला देता येते. ते द्यायला प्रतिभा लागत नाही, वेळापत्रकात जागा लागते.

विसाव्या शतकात साधने भराभर बदलली आणि प्रत्येक वेळी तोच वाद नव्याने रंगला. बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन झरणी आली, मग बॉलपेन आले तेव्हा अक्षर बिघडेल म्हणून कित्येक शाळांनी त्याला बंदी केली. दगडी पाटीवरची पेन्सिल मध्य प्रदेशातल्या मंदसौरहून येई. ती बनवणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत धूळ साचून त्यांना सिलिकोसिस होई, पण वळणदार अक्षराच्या चर्चेत त्या मजुरांचा विषय कधी निघाला नाही. तालुक्याच्या गावी, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, सगळीकडे टंकलेखनाच्या संस्था निघाल्या. तिथले शिक्षण म्हणजे समोरचा उतारा मिनिटाला तीस शब्दांच्या गतीने, न चुकता उतरवणे. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागे, म्हणून हजारो मुलामुलींनी ते घेतले, आणि त्यातून अनेकांची घरे उभी राहिली. पण टंकलेखन यंत्र निबंधाच्या तासाला कधी आले नाही. अमेरिकेत ते आले होते. बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन यांनी प्राथमिक शाळांतल्या हजारो मुलांच्या हाती टंकलेखन यंत्रे देऊन केलेल्या प्रयोगाचा अहवाल १९३२ मध्ये निघाला. मुले जास्त लिहितात असे त्यात दिसले. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा त्यात होता, हेही तितकेच लक्षात ठेवायचे. तो प्रयोग विरून गेला. त्याहून बोलके उदाहरण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या खेड्यातले. सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ मध्ये वर्गात हातछपाईचे छोटे यंत्र आणले. मुलांनी आपापले मजकूर लिहायचे, वर्गाने निवडायचे, मुलांनीच टाइप जुळवायचे आणि छापलेली पाने दूरच्या शाळेला पाठवायची. तिकडून त्यांची पाने यायची. हा उपक्रम विरला नाही. त्यातून शिक्षकांची चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे फ्रेनेचे यंत्र नव्हते, पण हस्तलिखित होते. महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत वर्षाकाठी एक हस्तलिखित निघे. सुवाच्य अक्षराच्या मुलीने लिहायचे, चित्रकलेच्या मास्तरांनी मुखपृष्ठ रंगवायचे आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन व्हायचे. त्यानंतर ती एकुलती प्रत कार्यालयाच्या कपाटात जाई. भित्तिपत्रकाचे नशीब थोडे बरे, येता-जाता कोणीतरी वाचे. हस्तलिखिताची कल्पना उत्तम होती. पण एकाच प्रतीचे मासिक कुलपात ठेवल्यावर त्याला वाचक कुठून मिळणार? सायक्लोस्टाइल यंत्रे आली, तेव्हा शाळांनी त्यांवर घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढल्या.

ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवली की गेल्या दहा-बारा वर्षांतल्या डिजिटल शाळांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, दूरदर्शन संच, टॅब आले. गावोगावच्या लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले, ही साधी गोष्ट नाही. नगरला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ती कल्पना राज्याने उचलली आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ आले. हे सगळे मोलाचे आहे, पण या साधनांची दिशा पाहावी: मजकूर बाहेरून वर्गात येतो. कविता ऐकू येते, चलचित्र दिसते, स्वाध्याय मिळतो. वर्गातून बाहेर जाणारा मजकूर नगण्य. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत व्हॉट्सअॅपवर अभ्यास आला, तेव्हा हे अगदी उघडे पडले. मास्तरांनी फळ्याचा फोटो टाकायचा, मुलाने तो वहीत उतरवायचा, वहीचा फोटो आईच्या मोबाईलवरून परत टाकायचा. धूळपाटीपासून मोबाईलपर्यंत आलो आणि काम उतरवण्याचेच राहिले.

खरे तर याच काळात मराठी लिहिण्याची यंत्रे प्रथमच सामान्यांच्या आवाक्यात आली होती. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी म्हणजे फाँटचा घोळ असे. एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हे दिसत. युनिकोड रुळले तेव्हा ही अडचण संपली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय आणली. नेवाशाच्या प्रसंगाचा विचार करता ही सोय विलक्षण आहे. मुलाने बोलावे आणि यंत्राने लिहून घ्यावे. ज्याचे अक्षर वाईट, ज्याची जोडाक्षरे अडतात, त्याच्याही मनातले कागदावर यावे. लेखनिक आता प्रत्येक घरात आहे. आणि तरीही शाळेत या सोयीकडे कॉपीची नवी युक्ती म्हणूनच पाहिले जाते.

हाताने लिहिण्याचे महत्त्व सांगणारे येथे थांबवतील. त्यांची बाजू कच्ची नाही. लहान वयात अक्षर हाताने घडवल्याशिवाय ते नीट ओळखीचे होत नाही, असे अनेक अभ्यास सांगतात, आणि स्वीडनने २०२३ मध्ये प्राथमिक शाळांत छापील पुस्तके आणि हस्तलेखन यांच्याकडे परत वळण्याचा निर्णय घेतला. पहिली-दुसरीत पाटी आणि वही यांना पर्याय नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास मात्र नीट वाचायला हवा. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी मागे का पडले, याचे त्यांनी दिलेले कारण असे की ते व्याख्यान शब्दशः टिपून घेत होते. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसल्याने त्यांना विचार करून गाळावे लागत होते. पुढे हा प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा तेवढा स्पष्ट फरक मिळाला नाही, पण त्या कारणाला तर्कतः वजन आहे. दोष कळफलकाचा म्हणण्यापेक्षा न विचार करता उतरवण्याचा आहे, आणि तसे उतरवणे वहीतही होतेच.

दुसरा आक्षेप नवा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. आता मुलगा विषय सांगेल आणि यंत्र निबंध देईल, मग लिहायला कोण बसणार? ही भीती खोटी नाही. पण ‘मी पंतप्रधान झालो तर’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे निबंध तयार स्वरूपात मिळणे हे आजचे नाही. मार्गदर्शक पुस्तकांच्या पानांवर ते कित्येक पिढ्या मिळत आहेत, आणि शिक्षकही जाणतात की वर्गातले चाळीस पावसाळी दिवस एकाच पुस्तकातून आलेले असतात. खोट्या पत्त्यावरच्या पत्राला आणि कोणी न वाचणाऱ्या निबंधाला यंत्राने लिहून दिले तर मुलाचे नुकसान नेमके कोणते? जामखेडच्या मुलाने आपल्या गावच्या हुरड्याबद्दल लिहायचे, ते अकोले तालुक्यातल्या मुलीने वाचायचे आणि तिने उलट विचारायचे, अशी योजना असेल तर तयार निबंध पहिल्याच प्रश्नाला उघडा पडेल. तिला हुरडा माहीत नसतो, त्याला भाताची आवणी माहीत नसते. दोघांनाही समोरच्याला समजेल असे सांगावे लागते, आणि लेखनाचा पाठ तिथेच सुरू होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मोबाईल घरात एक, आणि तो बापाबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, मुले कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीवर, जातात आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. ज्या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच जिल्ह्यातली ही मुले साखरेपायी शाळेबाहेर पडतात. त्यांच्यापुढे टॅबच्या गोष्टी करणे क्रूर वाटू शकते. यावर माझे उत्तर पूर्ण नाही. पण प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र हवे, ही अट लेखनासाठी खरोखर लागत नाही. फ्रेनेकडे संपूर्ण वर्गात एक यंत्र होते. शाळेतला एक फोन, त्यावरून दुसऱ्या शाळेला जाणारी आठवड्याची दोन पाने, एवढ्याने काम सुरू होते. कोपीवर गेलेल्या मुलाने तिथल्या पहाटेबद्दल चार ओळी बोलून पाठवल्या आणि गावच्या वर्गाने त्या मोठ्याने वाचल्या, तर त्याचे नाव हजेरीत नुसते लाल शाईत राहणार नाही.

साधन पोचले की बाकीचे आपोआप होईल, या समजुतीविरुद्ध आकडाही बोलतो. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शिक्षणाच्या कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे मुले एकमेकांसाठी लिहितातच, तेही बहुधा रोमन अक्षरांत आणि तुटक वाक्यांत, कारण तिथे वाचणारा आहे. ही पाहणी वाचन आणि गणित मोजते, लेखन मोजत नाही. आपण जे मोजत नाही ते शिकवत नाही, हे निकालावर अनुदानाच्या काळापासून चालत आले आहे.

जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांच्या मराठीच्या शिक्षकांकडे एकच मागणे आहे. भाषेला २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहेच. त्यातला थोडा भाग दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या वर्गाला खरोखर पाठवलेल्या मजकुरासाठी आणि तिकडून आलेल्या उत्तराला दिलेल्या प्रत्युत्तरासाठी राखून ठेवा. फोनवरून पाठवा, नाहीतर पोस्टाने पाठवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा नंतर करा, आधी पत्र जाऊ द्या.